आधी खाचा मोजा, मग पाना उचला!

सायकलचे जुने फ्रीव्हील काढणे हे ताकदीचे नव्हे, नेमक्या पान्याचे काम आहे. तो पाना ओळखायचा कसा?

पायडल मारावे, चेन फिरावी, पण सायकल मात्र जागची हलू नये! ज्या घरात सायकल आहे, त्या घरात हा प्रसंग कधी ना कधी येतोच. कुणाची शाळेची घंटा व्हायची असते, कुणाला दुधाचे कॅन पोहोचवायचे असतात, कुणाला कारखान्याची पहिली पाळी गाठायची असते. चेन उतरलेली नसते, चाकात हवा असते, ब्रेकही घासत नसतो. तरी पाय नुसतेच गरागरा फिरत राहतात. एखादा जाणकार शेजारी मागचे चाक उचलून पायडल फिरवून पाहतो आणि निदान सांगून मोकळा होतो, ‘‘फ्रीव्हील गेलं. बदलावं लागेल.’’

बदलायचे म्हणजे आधी जुने काढायला हवे, आणि खरी अडचण तिथेच आहे. नवे फ्रीव्हील ही काही फार महागाची वस्तू नाही. ते बसवायला पाच मिनिटेही पुरतात. पण जुने काढताना चुकीचा पाना घसरतो, मग छिन्नी-हातोडा बाहेर येतो, घाव चुकून हबवर बसतो, तारा वाकतात, आटे जातात आणि किरकोळ दुरुस्तीचा शेवट नवे चाक विकत घेण्यात होतो. हे नुकसान सहज टाळता येण्याजोगे आहे. त्यासाठी पहिलवानाचे दंड नकोत. दोन मिनिटे थांबून नीट पाहण्याची सवय हवी.

खटक्यांची करामत

फ्रीव्हील म्हणजे मागच्या चाकाच्या उजव्या बाजूला असलेली, बाहेरून दाते असलेली चकती. चेन हिच्यावरूनच फिरते. ही चकती एकसंध दिसते, पण तिचे दोन भाग असतात. आतला भाग आट्यांनी हबवर घट्ट बसलेला असतो. बाहेरचा, दात्यांचा भाग त्याच्याभोवती बारीक छर्ऱ्यांवर फिरतो. या दोहोंच्या मध्ये स्प्रिंगवर उचललेले लहान लहान खटके असतात. पायडल पुढे मारले की खटके आतल्या करवती दात्यांत अडकतात आणि चाक ओढले जाते. पाय थांबवले की तेच खटके दात्यांवरून घसरत जातात. उतारावरून जाताना ऐकू येणारा तो ओळखीचा ‘टकटक’ आवाज त्यांचाच. उत्तरेकडचे मेकॅनिक या खटक्यांना चक्क ‘कुत्ते’ म्हणतात!

ही सोय सायकलीबरोबर जन्मलेली नाही. सुरुवातीच्या सायकलींत चाक फिरले की पायडलही फिरायचेच. त्यामुळे उतारावर पाय वर घेऊन बसण्यावाचून गत्यंतर नसे. एकोणिसावे शतक संपता संपता फ्रीव्हील रुळले आणि सायकलस्वाराच्या पायांना विसावा मिळाला. आज सायकलच्या गिअरसाठी जगभर ओळखली जाणारी शिमानो ही जपानी कंपनी शोझाबुरो शिमानो यांनी १९२१ साली साकाई शहरात सुरू केली, तेव्हा तिचे पहिले उत्पादन होते साधे फ्रीव्हील. या छोट्याशा भागाचे महत्त्व त्यावरून लक्षात यावे.

खरेच बदलायला हवे का?

पाना शोधायला निघण्यापूर्वी एक खात्री करून घ्यावी. पायडल मारूनही चाक फिरत नसेल, तर पुष्कळदा खटके मोडलेले नसतात, नुसते चिकटलेले असतात. कुणीतरी मायेने आत ग्रीस भरलेले असते किंवा जुने तेल आणि धूळ यांचा चिकटा झालेला असतो. अशा वेळी चाक आडवे ठेवून फ्रीव्हीलच्या फटीत थोडे रॉकेल किंवा डिझेल सोडावे, दात्यांची चकती उलटी फिरवत राहावी, मळ निघून गेला की पातळ मशीन ऑइलचे काही थेंब टाकावेत. ‘टकटक’ परत स्पष्ट ऐकू येऊ लागली, तर आपले काम झाले! फ्रीव्हीलमध्ये घट्ट ग्रीस कधीच भरू नये. त्याने खटके उठत नाहीत.

जोर लावल्यावर चेन दात्यांवरून उडत असेल, तर मात्र दाते झिजले असण्याचा संभव असतो. दाते एका बाजूला वाकल्यासारखे, करवतीसारखे टोकदार दिसतात. अशा वेळी चेनही मोजून पाहावी. चेनच्या दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच असते. म्हणजे २४ कड्यांची लांबी बरोबर १२ इंच भरायला हवी. ती इंचाचा आठवा भाग वाढलेली असेल, तर चेन ताणली गेली आहे आणि तिने फ्रीव्हीलही खाल्ले आहे असे समजावे. दोन्ही एकदमच बदलावीत. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन नीट बसत नाही.

आणखी एक प्रसंग असा, की फ्रीव्हील ठणठणीत असूनही काढावे लागते. मागच्या चाकाची उजव्या बाजूची तार तुटली, की नवी तार हबच्या भोकातून ओवायला फ्रीव्हील आड येते.

इतके घट्ट का बसते?

‘‘कुणी एवढं आवळून ठेवलंय?’’ असा वैताग फ्रीव्हील काढताना हमखास होतो. उत्तर सोपे आहे : आपणच! फ्रीव्हीलचे आटे साधे, म्हणजे उजवे असतात. पायडल मारण्याची दिशाही तीच. त्यामुळे प्रत्येक पायडलागणिक आपण फ्रीव्हील हबवर थोडे अधिक आवळत असतो.

हिशेबच करून पाहू. साठ किलो वजनाचा माणूस १७ सेंटिमीटर लांबीच्या क्रँकच्या टोकावर उभा राहिला आणि गिअरच्या सायकलीत पुढे २८ व मागेही २८ दात्यांची चकती असली, तर तेवढाच पीळ फ्रीव्हीलवर बसतो. तो उलट दिशेने सोडवायचा, तर ३० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाशी सुमारे ३४ किलोचा जोर लावावा लागेल. त्यात पावसाळ्यातला गंज वेगळाच! साध्या सायकलीत पुढची चकती मोठी आणि मागची लहान असते, त्यामुळे फ्रीव्हीलवर पीळ कमी पडतो. चढावरचा हलका गिअर वापरणाऱ्या सायकलीचे फ्रीव्हील म्हणूनच जास्त हट्टी असते.

एवढा जोर पान्याच्या दोन-चार लहानशा कडांवर येणार असतो. पाना केसभर जरी ढिला बसला, तरी तो घसरतो आणि खाचांच्या कडा गोल करून टाकतो. एकदा कडा गेल्या, की मग योग्य पाना आणूनही उपयोग नाही. म्हणून पहिलाच पाना बरोबर हवा.

आता नीट पाहा

मागचे चाक काढून घ्या. उजव्या बाजूचा नट आणि वायसर काढा. धुऱ्याभोवतीचा मळ जुन्या टूथब्रशने आणि रॉकेलने स्वच्छ करा. मळाखाली खाचा बुजलेल्या असतात आणि त्यामुळेच फसगत होते. आता चाक उजेडात धरून धुऱ्याभोवती फ्रीव्हीलच्या आतल्या कडेकडे पाहा.

समोरासमोर दोनच खाचा दिसल्या, तर दोन दातांचा पाना हवा. जुन्या धाटणीच्या फ्रीव्हीलमध्ये अशा खाचा आढळतात.

चार खाचा दिसल्या, तर चार दातांचा पाना लागेल. मुलांच्या बीएमएक्स पद्धतीच्या आणि बिनगिअरच्या अनेक सायकलींवर हा प्रकार असतो. यातही लहान-मोठी मापे आहेत. नेहमीच्या मोठ्या मापाचा पाना सुमारे ४० मिलिमीटर रुंदीचा असतो. १४ किंवा १५ दात्यांच्या इवल्या फ्रीव्हीलला तो बसत नाही. त्यांचे हबवरचे आटेही वेगळे, ३० मिलिमीटरचे असतात.

खाचांऐवजी आतल्या बाजूने गोलाकार कंगोरे दिसले, तर ते मोजा. बारा भरले, तर ते आजच्या गिअरच्या सायकलींवरचे सर्वांत प्रचलित फ्रीव्हील. त्याचा पाना सायकलचे सुटे भाग ठेवणाऱ्या दुकानांत सहसा मिळतो. जुन्या, परदेशी शर्यतीच्या सायकलींवर कधी वीस कंगोरेही सापडतात. त्यांचा पाना निराळा.

इथे एक चकवा आहे. फ्रीव्हीलच्या दर्शनी तबकडीवर दोन बारीक गोल खळगे असतात. पुष्कळजण तेच काढण्याचे ठिकाण समजून त्यात खिळा ठेवून ठोकत सुटतात. ते खळगे फ्रीव्हील उघडण्यासाठी असतात, हबवरून काढण्यासाठी नव्हे. तिथे ठोकले, की तबकडी सुटते आणि बारीक छर्रे घरभर पळतात!

गाण्याची नव्हे, गिअरची ‘कॅसेट’

गिअरच्या सायकलीबाबत आणखी एक खुलासा आवश्यक आहे. तिच्या मागच्या चाकावर दिसणारी दात्यांची उतरंड फ्रीव्हीलच असेल असे नाही. ती ‘कॅसेट’ही असू शकते. कॅसेटमध्ये खटक्यांची यंत्रणा हबमध्येच असते आणि दात्यांच्या चकत्या तिच्यावर नुसत्या सरकवून वरून एका कड्याने आवळलेल्या असतात. शिमानोने १९७८ साली अशा हबची पद्धत बाजारात आणली. फ्रीव्हीलच्या जोडणीत उजवीकडचे बेअरिंग चिमट्यापासून बरेच आत राहते आणि धुरा वाकण्याचा धोका असतो. कॅसेटमध्ये ते बाहेरच्या टोकाकडे जाते. म्हणून महागड्या सायकलींत कॅसेट, तर स्वस्त सायकलींत अजूनही फ्रीव्हील असा प्रकार दिसतो.

ओळखायचे कसे? अगदी सोपे आहे. चकत्या हाताने उलट्या फिरवा आणि मधल्या कंगोऱ्यांवर नजर ठेवा. चकत्यांबरोबर कंगोरेही फिरले, तर ती कॅसेट. चकत्या फिरल्या पण कंगोरे स्तब्ध राहिले, तर ते फ्रीव्हील.

हे पाहणे का महत्त्वाचे? कारण दोन्हींचे पाने दिसायला जुळ्या भावांसारखे! दोघांनाही बारा कंगोरे, दोघांचीही रुंदी २३ मिलिमीटरच्या आसपास. पण मापात बारीक फरक असतो आणि तेवढा फरक घोटाळा करायला पुरेसा असतो. शिवाय काढण्याची रीतही वेगळी. कॅसेटचे कडे सोडवताना चकत्या फिरू नयेत म्हणून चेनचा तुकडा लावलेल्या दांड्याने त्या धरून ठेवाव्या लागतात. फ्रीव्हीलला त्याची गरज नसते.

म्हणून दुकानात जाताना ‘‘फ्रीव्हीलचा पाना द्या’’ एवढेच सांगू नका. चाक बरोबर न्या. पाना तिथेच बसवून पाहा. तो खाचांत पूर्ण खोल गेला पाहिजे आणि डावी-उजवीकडे हलवून पाहता डुगडुगता कामा नये. धुऱ्यावरचा जाड नट किंवा बुशिंग आड येत असेल, तर आधी ते काढावे लागेल.

काढण्याची रीत

योग्य पाना हाती आला, की निम्मे काम झाले. आदल्या रात्री हब आणि फ्रीव्हील यांच्या सांध्यात गंज सोडवणाऱ्या तेलाचे काही थेंब सोडून ठेवावेत.

पाना खाचांत बसवा. त्यावरून धुऱ्याचा नट परत चढवा. तो पान्याला टेकू द्या आणि केसभर ढील ठेवा. या नटामुळे पाना उसळून बाहेर येत नाही. ही छोटी युक्ती पुष्कळांना ठाऊक नसते आणि खाचा बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण तेच आहे.

यापुढे उत्तम साधन म्हणजे वाइस, मराठीत ज्याला शेगडा म्हणतात तो. पान्याच्या बाहेरच्या पैलूदार भागाला वाइसमध्ये घट्ट धरा. चाक वर, फ्रीव्हील खाली. आता रिम दोन्ही हातांनी समोरासमोर धरा आणि मोटारचे स्टिअरिंग डावीकडे वळवावे तसे चाक फिरवा. रिम हाच इथे मोठा दांडा होतो. मघाच्या हिशेबातला ३४ किलोचा जोर दोन हातांत विभागला जातो. एक ‘कट्’ असा आवाज होऊन पकड सुटते. सुटताक्षणी थांबा! नट सैल करा, मगच पुढे फिरवा. नट तसाच ठेवून फिरवत राहिलात, तर बाहेर येऊ पाहणारे फ्रीव्हील त्याला अडते आणि धुऱ्याचे आटे खराब होतात.

घरी वाइस नसते. जवळच्या वेल्डिंगच्या किंवा फॅब्रिकेशनच्या दुकानात मात्र ते असतेच, आणि दोन मिनिटांच्या कामाला कुणी नाही म्हणत नाही. तेही नसेल, तर चाक जमिनीवर उभे करा. फ्रीव्हील आपल्याकडे, टायर डावीकडच्या भिंतीला टेकलेला. पान्यावर लांब दांड्याचा स्पॅनर डावीकडे आडवा लावा आणि वरून खाली दाबा. झटके न देता अंगाचा भार हळूहळू द्यावा.

एक सूचना विसरू नका. चाकाचे रिम बदलायचे असेल आणि हब तोच ठेवायचा असेल, तर फ्रीव्हील आधी काढा, तारा नंतर सोडा. तारा आधी कापल्या, की रिमचा दांडा गेला. उरलेल्या हबला धरायला जागाच राहत नाही.

खाचाच गेल्या असतील तर?

मग शेवटचा उपाय उरतो : फ्रीव्हील मोडून काढणे. मघाशी ज्या दोन खळग्यांपासून सावध केले, तेच आता कामाला येतात. त्यात पंच ठेवून दर्शनी तबकडी हातोडीने सोडवायची. तिचे आटे उलटे असतात. म्हणजे ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटते. खाली कापड अंथरावे, डोळ्यांवर चष्मा असावा, लहान मुलांना दूर ठेवावे. दात्यांचा बाहेरचा भाग निघाला, की आतले उघडे अंग वाइसमध्ये किंवा पाइप-पान्यात धरून डावीकडे फिरवता येते. फ्रीव्हील यात कामातून जाते, पण हब वाचतो, आणि हब वाचला म्हणजे चाक वाचले.

नवे बसवणे त्या मानाने सोपे. हबचे आटे पुसून त्यांना थोडे ग्रीस लावावे. ग्रीस इथे, आट्यांवर हवे, खटक्यांत नव्हे! नव्या फ्रीव्हीलचे आटे तेच आहेत ना, हे पाहावे. प्रचलित माप सुमारे ३५ मिलिमीटर व्यास आणि इंचाला २४ आटे असे असते. फ्रीव्हील सपाट धरून आधी थोडे डावीकडे फिरवावे, आटे जुळल्याची जाणीव झाली की उजवीकडे. सुरुवात बोटांनीच करावी. ॲल्युमिनियमच्या हबवर आटे तिरके चढले, तर ते कायमचे बिघडतात. शेवटी पान्याने आवळण्याची गरज नाही. ते काम आपले पाय करतील.

प्रश्न फक्त सायकलचा नाही

एका लहानशा पान्यासाठी एवढा ऊहापोह कशाला, असे कुणाला वाटेल. पण ही सायकल कुणाची आहे, हेही पाहायला हवे. बिहार सरकारने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी तिचा अभ्यास केला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण या योजनेमुळे ३२ टक्क्यांनी वाढले. पश्चिम बंगालमध्ये २०१५ साली ‘सबुज साथी’ योजना आली. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून ग्रामीण मुलींना सायकली दिल्या जातात.

अशा सायकलीचे फ्रीव्हील गेले, की ती मुलगी पायी चालते. गावात पाना नसेल आणि दुरुस्तीत हब फुटला, तर नव्या चाकाचा खर्च घरी मागायचा कुणी? सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकते आणि शाळेचे अंतर पुन्हा होते तेवढेच होते. छिन्नी चालवणाऱ्या रस्त्यावरच्या कारागिराला दोष देण्यातही अर्थ नाही. पूर्वी त्याच्याकडे दोन-तीन प्रकारची फ्रीव्हीले येत. आता प्रत्येक सायकलीची तऱ्हा वेगळी. प्रत्येक पाना त्याने पदरमोड करून घ्यावा, ही अपेक्षा जास्तच आहे. तरीही कित्येक कारागीर लोखंडी पट्टी घासून स्वतःच पाना घडवतात, हे त्यांचे कसब.

आपल्याला एक गोष्ट सहज करता येईल. शाळेत, हाउसिंग सोसायटीत किंवा ग्रामपंचायतीच्या कचेरीत सायकलीचे तीन पाने सामाईक ठेवावेत : एक खाचांचा, एक बारा कंगोऱ्यांचा फ्रीव्हीलचा आणि एक कॅसेटचा. खाचांचा पाना घेण्यापूर्वी आपल्याकडच्या सायकलींच्या खाचा मोजून घ्याव्यात. तिन्ही मिळून खर्च नव्या चाकापुढे जड वाटणार नाही. ते नेहमीच्या सायकलवाल्यालाही लागतील तेव्हा वापरू द्यावेत. आणि ज्याच्या सायकलीसाठी पाना निघेल, त्याने मळ पुसून, उजेडात धरून, खाचा मोजल्याशिवाय तो फिरवायचा नाही, एवढा नियम पाळला तरी पुरे.